युआन श्वांग काय घेऊन गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी आपल्या अंकात अजिंठ्यावर पानभर मजकूर होता. खाली एक चौकट होती : चिनी प्रवासी युआन श्वांगने पाहिलेला महाराष्ट्र. इथले लोक उंचेपुरे, मानी आणि साधे. उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी निरोप धाडतात, मगच शस्त्र उचलतात. पुलकेशी राजापुढे हर्षवर्धनाचंही काही चाललं नाही. सगळं बरोबर आहे, त्यांच्या ग्रंथात आहे. हीच चौकट मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. त्यामुळे या पत्रात कुणाला दोष असेलच, तर तो आधी माझ्या शिकवण्याला आहे.

आमची शाळा पाचोऱ्याची. तेव्हा पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेरची छोटी गाडी, चालू होती. मुलांना घेऊन पहूरला उतरायचं, तिथून एसटीने फर्दापूर. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सोळाव्या लेण्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत. तिथे मुलांना उभं करून मी सांगायची, की तेराशे वर्षांपूर्वी एका चिनी प्रवाशाने या हत्तींबद्दल लिहून ठेवलंय. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, ''मॅडम, तो एवढ्या लांबून पुलकेशीला बघायला आला होता का?''

मी म्हणाले, ''नाही, बौद्ध धर्माचा अभ्यास करायला.'' पुढचा प्रश्न आला, ''मग अभ्यास काय केला?'' त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुस्तकात नव्हतं, आणि पुस्तकाबाहेर जाऊन शोधावं एवढी उसंत मी तेव्हा काढली नाही. निवृत्तीनंतर काढली. त्यांचा प्रवासवृत्तान्त आणि त्यांचे शिष्य हुइली यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र ही दोन्ही इंग्रजी भाषांतरातून वाचली. तेव्हापासून मला त्यांना 'तो' म्हणणं जमत नाही, म्हणून या पत्रात 'ते' आहे.

पहिलं सांगायचं ते त्या हत्तींविषयीच. महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर डोंगर, अंधाऱ्या दरीत कोरलेला संघाराम म्हणजे भिक्षूंचा मठ, आचार नावाच्या अर्हताने, म्हणजे मुक्ती मिळवलेल्या भिक्षूने, तो बांधवला, दाराबाहेर डावी-उजवीकडे दगडी हत्ती; ते कधीकधी चीत्कारतात आणि जमीन हादरते असं लोक सांगतात. हे वर्णन अजिंठ्याचं असं अभ्यासक मानतात. हत्तींपाशी आपण थांबतो. पण ग्रंथात त्याला लागूनच पुढे आहे, की पूर्वी दिङ्नाग या संघारामात पुष्कळदा राहत असत. दिङ्नाग म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचं वळण बदलणारे आचार्य. योग्य अनुमान कसं ओळखायचं, हेतू म्हणजे दिलेलं कारण खोटं कुठे पडतं, वादात काय ग्राह्य धरायचं, याची शिस्त त्यांनी घालून दिली. युआन श्वांग नालंदेत ज्या परंपरेत शिकले तिचे हे पूर्वसूरी. पुढे चीनमध्ये परतल्यावर त्यांनी दिङ्नागांचा 'न्यायमुख' हा ग्रंथ चिनीत आणला. मूळ संस्कृत पोथी लोकांच्या हातून गेली आणि कित्येक शतकं हा ग्रंथ फक्त चिनी भाषांतरातच वाचायला मिळत होता.

म्हणजे आपल्या मुलखातल्या डोंगराशी ते पुलकेशीचे हत्ती मोजत नव्हते. आपल्या गुरूंच्या गुरूंची जागा सांगत होते. वारकरी आळंदीला जातो तशी ती नोंद आहे. आम्ही शिक्षकांनी राजा ठेवला, हत्ती ठेवले आणि आचार्य गाळले.

आता ते निघाले का, ते सांगते. चीनमध्ये बौद्ध धर्म येऊन तेव्हा पाच-सहाशे वर्षं झाली होती. ग्रंथांची भाषांतरंही खूप झाली होती, पण एकाच मुद्द्यावर एक भाषांतर एक सांगे, दुसरं दुसरंच. तरुण युआन श्वांग चांगआन या राजधानीपर्यंत एकेका पंडिताकडे बसले आणि त्यांच्या शंका वाढत गेल्या. 'योगाचारभूमी' हा मोठा ग्रंथ संपूर्ण मिळाला तर उलगडा होईल असं त्यांना वाटलं. इ.स. ६२९ च्या सुमारास ते निघाले तेव्हा सरहद्द ओलांडायला बादशहाची मनाई होती. परवानगी मिळाली नाही. दिवसा लपून, रात्री चालून त्यांनी सीमेवरचे पहारे पार केले.

पुढच्या वाळवंटात त्यांच्या हातून पाण्याची पखाल निसटली, सगळं पाणी वाळूत गेलं. ते दहा-एक ली (ली हे चिनी अंतराचं माप) मागे फिरले. मग थांबले. पूर्वेला परतून जगण्यापेक्षा पश्चिमेला जाताना मेलेलं बरं अशी त्यांची शपथ होती. ती आठवून त्यांनी तोंड पुन्हा वळवलं. चार रात्री, पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. या वाटेवर ते प्रज्ञापारमितेचं छोटं सूत्र म्हणत होते. ते त्यांना सेचुआनमध्ये एका आजारी माणसाने शिकवलं होतं. अंगभर फोड, फाटके कपडे अशा त्या माणसाला त्यांनी खायला-ल्यायला दिलं होतं. पाचव्या रात्री त्यांचा म्हातारा, हडकुळा, तांबूस घोडा अचानक वाट सोडून भलतीकडे निघाला आणि आवरेना. तो त्यांना गवताच्या पट्ट्याशी आणि तळ्याशी घेऊन गेला. हा घोडा त्यांनी एका म्हाताऱ्याकडून बदलून घेतला होता. तो म्हणाला होता, याने वाळवंटापलीकडच्या हामीची वाट पंधरा वेळा केली आहे. वर्गात हा घोडा सांगितला असता तर एकही मूल खिडकीबाहेर बघत बसलं नसतं.

तुर्फानच्या राजाने त्यांना गुरू म्हणून कायमचं ठेवून घ्यायचं ठरवलं. त्यांनी तीन दिवस अन्नपाणी सोडलं तेव्हा राजाने हात जोडले, आणि वाटेतल्या चोवीस राज्यांना पत्रं देऊन रवानगी केली. समरकंद, बाल्ख, बामियानच्या उंच मूर्ती, काश्मीरची दोन वर्षं, हे सगळं मी इथे सोडून देते.

नालंदेला शीलभद्र होते, अतिशय वृद्ध. चरित्रात एक प्रसंग आहे. शीलभद्रांना वर्षानुवर्षं अंगदुखीचा असह्य त्रास होता. अन्न सोडून देह ठेवावा असं त्यांनी ठरवलं होतं. तेव्हा स्वप्नात त्यांना सांगण्यात आलं, की चीनहून एक भिक्षू शिकायला येणार आहे, त्याच्यासाठी थांब. युआन श्वांग पोचल्यावर शीलभद्रांनी आपल्या पुतण्याला ही हकीकत सर्वांसमोर सांगायला लावली आणि सांगता सांगता तो रडला. स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. थकलेल्या गुरूला विद्यार्थी भेटल्यावर काय होतं हे मात्र मला कळतं. त्या वयात शीलभद्रांनी 'योगाचारभूमी' पंधरा महिने शिकवली. पाहुण्या विद्यार्थ्याला रोजचा शिधा होता : विड्याची पानं, वीस सुपाऱ्या, वीस जायफळं, थोडा कापूर आणि मोठ्या दाण्याचा सुवासिक महाशाली तांदूळ. आमच्या खानदेशात पाहुण्याला पान-सुपारी दिल्याशिवाय उठू देत नाहीत, म्हणून ही यादी मला फार आवडली.

परतीच्या वाटेवर सिंधू नदी ओलांडताना वादळ झालं. ते स्वतः हत्तीवर होते, पोथ्या नावेत. नाव कलंडली, पोथ्या सांभाळणारा माणूस पाण्यात पडला. तो वाचला, पण पन्नास पोथ्या आणि इथल्या फुलांची बियाणी वाहून गेली. बियाणीसुद्धा नेत होते ते! पोथ्यांच्या नव्या नकला येईपर्यंत ते पन्नासहून जास्त दिवस नदीकाठी थांबले. इ.स. ६४५ मध्ये चांगआनला पोचले तेव्हा वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते, शिवाय बुद्धाच्या मूर्ती. बिनपरवानगी गेलेल्या या भिक्षूला बादशहाने मंत्री व्हायची गळ घातली. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं आणि ग्रंथ उघडले.

त्यानंतरची एकोणीस वर्षं आपल्या पाठात एका ओळीचीही नसतात. मला तीच सगळ्यांत मोठी वाटतात. पहाटेच्या आधी उठून ते त्या दिवशी करायचा संस्कृत भाग मोठ्याने वाचत, लाल शाईने खुणा करत. दिवसा लोकांच्या भेटीगाठीत वेळ गेला तर ठरलेलं काम रात्री पुरं करत. जिथे थांबले तिथे खूण करूनच कुंचला खाली ठेवत. सुमारे पाऊणशे ग्रंथ, कागदाच्या १,३३५ गुंडाळ्या एवढं काम झालं. पोथ्या जळू नयेत म्हणून ६५२ मध्ये विटांचा मनोरा बांधायला घेतला तेव्हा त्यांनी स्वतः विटा वाहिल्या. पुढे नव्याने बांधलेला तो मनोरा शिआन शहरात, म्हणजे जुन्या चांगआनला, आजही उभा आहे. शेवटचं मोठं काम महाप्रज्ञापारमितेचं, ६०० गुंडाळ्यांचं. शिष्य म्हणाले, पुनरुक्ती फार आहे, आधीचे भाषांतरकार कुमारजीव यांनी केलं तसं थोडक्यात करू. ते तयार झाले, आणि त्या रात्री त्यांना भयंकर स्वप्नं पडली. सकाळी सांगितलं, एक शब्दही गाळायचा नाही. ६६३ मध्ये ते पुरं झालं, ६६४ मध्ये ते गेले. धडा संपवायच्या घाईत मीही कित्येकदा परिच्छेद गाळले आहेत, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागते.

६५३ मध्ये जपानहून दोशो नावाचे भिक्षू त्यांच्याकडे शिकायला आले आणि ही विद्या जपानच्या नारा भागाकडे घेऊन गेले. नालंदेत शीलभद्रांनी एका माणसाला शिकवलं, ते असं समुद्रापार गेलं.

ज्या कुमारजीवांचं नाव वर आलं, त्यांना तर आपण ओळखतच नाही. वडील काश्मीरकडून मध्य आशियातल्या कूचा राज्यात गेलेले, आई कूचाची राजकन्या. नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन ही आई काश्मीरला शिकायला आली, स्वतः भिक्षुणी झालेली. पुढे त्यांची कीर्ती इतकी झाली, की चिनी सेनापतीने कूचा जिंकल्यावर त्यांना धरून नेलं आणि सतरा वर्षं चीनच्या वायव्येकडच्या लियांगचौमध्ये अडकवून ठेवलं. त्या वर्षांत त्यांनी चिनी भाषा पक्की केली. ४०१ मध्ये चांगआनला आणल्यावर त्यांनी जी भाषांतरं केली ती आजही पूर्व आशियात तोंडपाठ म्हणतात. संस्कृत काव्य चिनीत नेणं म्हणजे भात चावून दुसऱ्याला भरवणं, अशी खंत ते बोलून दाखवत. तरी त्यांचं सद्धर्मपुंडरीक सूत्र जपानी घराघरांत पोचलं, आणि त्यांनीच केलेल्या वज्रच्छेदिका सूत्राची ८६८ मध्ये छापलेली प्रत चीनमधल्या तुनह्वांगच्या लेण्यात सापडली. ज्यावर छापल्याची तारीख आहे असं ते जगातलं सर्वांत जुनं पूर्ण पुस्तक.

बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू इथून चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोचले. नाराच्या महाबुद्धाचे डोळे रेखण्याचा मान ७५२ मध्ये त्यांना मिळाला. हातातल्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे सर्वांनी मिळून रेखले. माझी भाची पुण्यात जपानी शिकते. पहिल्याच आठवड्यात तिने फोन केला, ''मावशी, यांची मुळाक्षरं आपल्यासारखी लागतात, आ-ई-ऊ-ए-ओ, मग का-की-कू!'' संस्कृत लिपी शिकणाऱ्या भिक्षूंनीच आपल्या वर्णमालेचा तो क्रम तिकडे नेला आहे.

युआन श्वांगांच्याही आधी इथे आलेले चिनी भिक्षू फाहियान, त्यांच्याबद्दल एकच. ते ३९९ मध्ये निघाले तेव्हा साठी ओलांडलेली होती. त्यांना भिक्षूंच्या आचाराचे, विनयाचे ग्रंथ हवे होते. बरोबरच्या सोबत्यांपैकी काही परत फिरले, एक बर्फाच्या डोंगरात त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, एकाने इथेच राहायचं ठरवलं. शेवटी सिंहलद्वीपात ते एकटे होते. तिथे एका विहारात हिरव्या रत्नाच्या बुद्धमूर्तीपुढे कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढरा रेशमी चिनी पंखा त्यांना दिसला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. परतीच्या जहाजावर वादळात व्यापारी सामान समुद्रात टाकू लागले तेव्हा त्यांनी आपला तांब्या-वाटी फेकली आणि पोथ्या धरून ठेवल्या.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः लिहायला बसले ती. युआन श्वांग चीनला परतल्यावर सात वर्षांनी, ६५२ मध्ये, बोधगयेच्या महाबोधी विहारातून त्यांना पत्र गेलं. प्रज्ञादेव आणि ज्ञानप्रभ या भिक्षूंनी ते पाठवलं. सोबत पांढऱ्या सुती कापडाची जोडी होती; वाट लांबची आहे, भेट लहान म्हणून मनावर घेऊ नका, आणि जे ग्रंथ हवे असतील त्यांची यादी कळवा, नकला करून पाठवतो, असं त्यात होतं. युआन श्वांगांची उत्तरं ६५४ ची आहेत. या पत्रांचा मजकूर चरित्रात उतरवलेला आहे.

ज्ञानप्रभ हे शीलभद्रांचे पट्टशिष्य. त्यांना लिहिताना युआन श्वांग म्हणतात, की गुरुजी गेल्याचं परतलेल्या राजदूताकडून कळलं, दुःख आवरत नाही. मग कोणकोणते ग्रंथ भाषांतरित झाले त्याचा हिशेब देतात. आणि शेवटी : सिंधू ओलांडताना एक ओझं पाण्यात गेलं, त्यातल्या ग्रंथांची नावं सोबत जोडली आहेत, कुणी येणारं असेल तर पाठवून द्या. दहा वर्षं होऊन गेली होती आणि ते नदीत गेलेल्या पोथ्या विसरले नव्हते.

प्रज्ञादेवांचा पंथ वेगळा. कनौजच्या सभेत दोघांचा कडाक्याचा वाद झाला होता. प्रज्ञादेवांनी बहुधा त्याबद्दल क्षमा मागितली असावी, कारण युआन श्वांग लिहितात की सभा उठली तेव्हाच ते सगळं संपलं, तुम्ही अजून काय धरून बसलात! आणि लगेच पुढे पुन्हा आपलं मत पटवायला लागतात. वाद घालावा, सूत पाठवावं, पत्र लिहावं, पुन्हा वाद घालावा. दोघे भिक्षू, मधे हिमालय आणि वाळवंट.

संपादक महाशय, पुढच्या बुद्धपौर्णिमेला अजिंठ्याचं पान काढाल तेव्हा पुलकेशीची चौकट खुशाल ठेवा. पण तिच्या शेजारी या दोन पत्रांचा मराठी अनुवाद द्या. चिनी जाणणारे अभ्यासक आपल्याकडे आहेत. त्यांच्याकडून थेट मूळावरून करून घ्या, माझ्यासारखं इंग्रजीच्या वाटेने नको. आणि 'चिनी प्रवासी'च्या जागी 'नालंदेचे विद्यार्थी आणि भाषांतरकार' असं छापा. दिङ्नागांची ओळही घाला. इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की सोळाव्या लेण्याच्या हत्तींपाशी सहल थांबेल तेव्हा हे मुलांना वाचून दाखवावं. पांढऱ्या सुती कापडाची जोडी म्हणजे काय हे खानदेशातल्या मुलांना वेगळं समजावून द्यावं लागणार नाही. त्यांच्यातल्या अर्ध्यांच्या घरी त्या दिवसांत कपाशीची वेचणी चालू असते.

ती सातवीतली मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे, आमच्याच तालुक्यात. या पत्राची एक प्रत तिला पाठवते आहे. उत्तराला उशीर झाला एवढंच सोबत लिहिलं आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
पाचोरा, जि. जळगाव